सिस्टरांचे ठोकळे

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. सध्या माझा मुक्काम भंगारवाल्याच्या आवारात आहे. माझ्या डावीकडे दार नसलेला एक टेम्पो आहे आणि उजवीकडे गंजलेल्या पंख्यांचा ढीग. टेम्पो दिवसभर आपल्या तरुणपणाच्या बढाया मारतो. मी गप्प राहते, कारण माझी गोष्ट बढाई मारण्यासारखी नाही. तुम्हाला मात्र ती सांगणार आहे. तुम्ही अजून लहान आहात, आणि सांगितलेले ऐकून घ्यायचे वय तेच असते. पुढे माणसे नुसती मान डोलावतात.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. कमरेला लाल पट्टा, डोक्यावर निळा दिवा आणि आवाज असा, की रस्त्यात झोपलेली कुत्रीसुद्धा उठून वाट देत. मी रुग्णवाहिका होते. मोठमोठ्या गाड्या मला पाहिले की अंग चोरून बाजूला होत. खोटे कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

आमचे रुग्णालय टेकडीवर होते. पोर्चपासून फाटकापर्यंतचा रस्ता सगळा उताराचा. हाक आली की लगेच निघता यावे म्हणून मी पोर्चमध्ये नेहमी फाटकाकडे तोंड करून, म्हणजे उताराकडे तोंड करून उभी राहत असे. त्या टेकडीवर बारा महिने धुके आणि ओल. हँडब्रेक ओढून ठेवला की तो आतल्या आत धरून बसे आणि ऐन निघायच्या वेळी काही केल्या सुटत नसे. माझ्या गिअरचाही भरवसा नव्हता, उभ्या उभ्या निसटायचा. म्हणून माझ्यासाठी लाकडाचे दोन तिकोनी ठोकळे करून घेतले होते. ते पुढच्या दोन्ही चाकांच्या समोर सारले, की मी हलत नसे.

हे ठोकळे लावायची एक रीत होती, ती नीट ऐका. ड्रायव्हरने ब्रेकवर पाय दाबून बसायचे, आपली जागा सोडायची नाही. खाली उतरलेल्या माणसाने ठोकळे लावायचे आणि मोठ्याने "लागले" म्हणायचे. तो शब्द ऐकला, की ड्रायव्हरने ब्रेक हळूच सोडून माझे वजन ठोकळ्यांवर टेकवायचे. मग मागची दारे उघडून रुग्णाला उतरवायचे. घाईच्या वेळी दोघांनी एकच काम दोनदा करत बसायला सवड नसते, म्हणून ही रीत पडली होती.

ठोकळे लावायचे काम सिस्टरांकडे होते. त्या बुटक्या, काटक आणि कामाला वाघ. औषधाची बाटली दोनदा वाचल्याशिवाय सुईला हात लावत नसत. एका पावसाळ्यात बदली ड्रायव्हर आला होता. त्याने सिस्टरांचा शब्द ऐकूनही हँडब्रेक ओढला आणि खाली उतरून ठोकळे वाकून पाहिले. सिस्टरांनी रुग्ण आत पोचवला, हात धुतले आणि मग शांतपणे येऊन त्याला सांगितले, की तुम्ही तपासणार असाल तर तुम्हीच लावत जा, माझा शब्द कशाला मागता. तो बिचारा कानकोंडा झाला.

आमचे नेहमीचे ड्रायव्हर तसे नव्हते. ते उंच, अबोल आणि चहाचे भोक्ते. काचेतून समोर बघत बसायचे, "लागले" ऐकू आले की ब्रेक सोडायचे. इतक्या वर्षांत एकदाही त्यांनी वाकून पाहिले नाही. माणूस कशावर भाळेल याचा नेम नसतो. सिस्टर यावर भाळल्या.

दोघांनी लग्न केले तेव्हा अख्ख्या रुग्णालयाने तोंडात बोटे घातली, कारण त्यांना कामापलीकडे बोलताना कोणीच पाहिले नव्हते. घरातही ते एकमेकांना "सिस्टर" आणि "ड्रायव्हर" म्हणत. भांडण झाले तरी "तुम्ही"च म्हणत. त्यांच्या मुलीला शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी वडिलांचे नाव विचारले, तर तिने "ड्रायव्हर" असे ठणकावून सांगितले. ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षे घरात हसण्यासाठी पुरली.

माझ्यात बाळे जन्मली, आणि माझ्यात माणसे गेलीही. कोणी वाटेत गेले, की सिस्टर त्याचे डोळे मिटायच्या, आणि त्यानंतरही त्याचा हात सोडायच्या नाहीत. पोर्चमध्ये पोचेपर्यंत धरून बसायच्या. मी मात्र एका गोष्टीचा अभिमान बाळगून होते. माझ्यामुळे कधी कोणाला उशीर झाला नाही.

माझे वय झाले, तशी माझी रवानगी रुग्णालयाच्या मागच्या अंगणात झाली. तिथे मी मोडक्या खाटांच्या संगतीत कुजले असते, पण ड्रायव्हरांचा माझ्यावर जीव होता. त्यांनी मला घरी आणले आणि सुट्टीच्या दिवसांत हातोडी घेऊन माझ्या मागे लागले. स्ट्रेचरच्या रुळांवर फळ्या ठोकून रुंद पलंग केला. तो अगदी मागच्या दारांना लागून. औषधांच्या कपाटात चहासाखर आली. प्राणवायूच्या नळकांड्याच्या जागी गॅसची छोटी टाकी आली. सिस्टरांनी खिडक्यांना पिवळे पडदे शिवले. माझा भोंगा आणि निळा दिवा मात्र सरकारी माणसाने काढून नेले. खासगी गाडीला ते चालत नाहीत म्हणे. मला फार दुखले, पण बोलते कोणाला!

अशी मी फिरते घर झाले. मुलीला उन्हाळ्याची सुट्टी लागली, की आम्ही तळ्यांच्या मुलखात जायचो. शहरापासून दिवसभराची वाट. आधी सपाट शेते, मग टेकड्या, मग वळणावळणाचा घाट, आणि घाट संपला की डोंगरांच्या कुशीत एकामागून एक तळी. सकाळी पाण्यावरून धूर निघाल्यासारखे धुके उठायचे. मुलगी थंड पाण्यात शिरायची, ओठ निळे पडेपर्यंत बाहेर यायची नाही, आणि सिस्टर काठावरून टॉवेल हलवून तिला दम भरायच्या. तिथेही ओल होतीच, म्हणून तिथेही ठोकळे आले आणि तीच रीत आली. ड्रायव्हर मला नेहमी पाण्याकडे तोंड करून उभी करायचे, म्हणजे पुढच्या काचेतून तळे दिसावे. सिस्टर उतरायच्या, पुढच्या चाकांसमोर ठोकळे सारायच्या, "लागले" म्हणायच्या. शेजारी मुक्कामाला आलेली माणसे थट्टा करायची, की या घरात नवरा बायकोच्या हुकमाशिवाय ब्रेकही सोडत नाही. ड्रायव्हर हसून म्हणायचे, की म्हणूनच अजून कपाळमोक्ष झालेला नाही.

ते दिवस सुखाचे होते. ते मी लांबवून सांगणार नाही, कारण सांगायला लागले की पुढचे सांगवत नाही.

मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, तिचा संसार सुरू झाला. मी घरामागच्या पत्र्याच्या छपराखाली उभी राहिले. माझ्या पलंगावर मांजर व्यायली, पडद्यांना कसर लागली, एका चाकातली हवा गेली. दोघे निवृत्त झाले तरी माझ्याकडे कोणी फिरकले नाही. मला वाटले, आता माणसांना माझा कंटाळा आला. कारण वेगळेच होते. घरात सिस्टर विसरायला लागल्या होत्या.

आधी लहानसहान गोष्टी होत्या. चहात दोनदा साखर, नळ चालूच, किल्ली साखरेच्या डब्यात. मग एक दिवस त्या रोजच्या दुकानातून घरी यायची वाट चुकल्या. डॉक्टरांनी आजाराला एक लांबलचक नाव दिले आणि हे वाढतच जाणार असे सांगितले. मुलगी जवळच राहत होती, ती धावून आली. तिने आईसाठी जे केले ते सगळे मायेपोटी केले, हे मी आधीच सांगते. तिने गॅसची शेगडी आईच्या हातून काढून घेतली. मग औषधांचा डबा. मग किल्ल्या. मग सुई-दोरा, कारण आई सुया तोंडात धरायची. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना औषधे दिली तिला आता तळहातावर गोळी ठेवून "गिळ" म्हणावे लागत होते.

सिस्टरांना हे कळत नव्हते असे समजू नका. माझ्या छपराखाली येऊन त्या एकट्याच पायरीवर बसत. एकदा ड्रायव्हर त्यांना शोधत आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ड्रायव्हर, घरात माझं कामच उरलं नाही. मी आता रुग्णच झाले का हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर बादली आणि चिंध्या घेऊन आले आणि मला धुवायला लागले.

मुलीला हा बेत मुळीच पसंत नव्हता. माझ्याशेजारी उभे राहून बापलेकीचा वाद झाला, तो मी जिवाचा कान करून ऐकला. म्हातारपणी घाटातून गाडी चालवायची, सोबत आजारी बायको, जवळपास डॉक्टर नाही. तिचे बोलणे खोटे नव्हते. पण ड्रायव्हर हटून बसले. तिथे गेलं की तिला सगळं आठवेल, एवढेच ते म्हणत राहिले. शेवटी मुलगी थकली.

"बरं, जा. पण ठोकळे तुम्ही लावा, बाबा."

"ते सिस्टरांचं काम आहे."

"होतं. आता नाही. निदान आईनं लावले की उतरून बघत तरी जा."

ड्रायव्हरांनी ओली चिंधी पिळून बादलीच्या काठावर टाकली. मग म्हणाले, "बाकी सगळं आपण काढून घेतलं तिच्याकडून. तेवढं एकच उरलंय. ते मी नाही घेणार."

मित्रांनो, यात कोण चुकले ते मला विचारू नका. दोघांचाही सिस्टरांवर जीव होता. एकीला त्यांचा जीव सांभाळायचा होता, दुसऱ्याला त्यांचा मान.

आम्ही निघालो. आणि काय सांगू, घाट चढताना सिस्टर खरोखरच खुलल्या. कोणत्या वळणावर मुलीला उलटी झाली होती, कोणत्या तळ्यावर माझे चाक चिखलात रुतले होते, सगळे घडाघडा सांगू लागल्या. पहिल्या तळ्यावर ड्रायव्हरांनी मला नेहमीसारखी पाण्याकडे तोंड करून उभी केली. सिस्टर उतरल्या. ठोकळे सराईतपणे जागच्या जागी बसले. "लागले." तो आवाज अगदी पूर्वीचा होता. ड्रायव्हरांनी ब्रेक सोडला, मी ठोकळ्यांवर टेकले, आणि स्टीअरिंगवर डोके ठेवून तो उंच माणूस लहान मुलासारखा रडला. सिस्टरांना ऐकू जाऊ नये म्हणून त्याने आधी काच वर केली होती.

तरी मुलीचे शब्द त्यांच्या मनात टोचत असावेत. दुसऱ्या तळ्यावर पायाचा ब्रेक सोडायच्या आधी त्यांनी हँडब्रेक ओढला, ते उतरले, बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने खाली बसले आणि त्यांनी चाकाकडे तिरका डोळा टाकला. ठोकळे अगदी बरोबर होते. पण सिस्टरांनी ते पाहिले. ज्या बाईला सकाळचा नाश्ता आठवत नव्हता तिच्या नजरेतून हे सुटले नाही.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. ड्रायव्हरांनी चहा केला, विनवण्या केल्या, जुन्या थट्टा करून पाहिल्या. संध्याकाळी त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा?"

ड्रायव्हरांनी त्यांच्या पायाला हात लावला. पुन्हा कधी बघणार नाही, अशी शपथ घेतली. मला त्या वेळी बरे वाटले होते. मलाही त्यांचा मान मोठा वाटला होता. आता त्या शपथेची आठवण झाली की माझ्या पत्र्यावर काटा येतो.

तिसरे तळे सगळ्यांत वरचे. लहान, काळेशार, तिन्ही बाजूंनी डोंगर. मोसम सरत आला होता, त्यामुळे मुक्कामाला दुसरे कोणी नव्हते. फक्त राखणदार, तोही वरच्या अंगाला आपल्या खोलीत. दुपार होती पण आभाळ भरून आले होते. वाटेत सिस्टर म्हणाल्या होत्या, की झोपून पाणी दिसलं असतं तर किती छान झालं असतं. त्यांना आता लवकर थकवा येत असे, पुढे बसून काचेतून बघणे जमत नसे. ड्रायव्हरांनी ते ध्यानात ठेवले होते. पलंग माझ्या मागच्या अंगाला आहे हे मी तुम्हाला सांगितलेच. त्यांनी मला वळवले आणि मागे मागे घेत पाठ तळ्याकडे करून उभी केली. मागची दारे उघडली, की पलंगावरच्या माणसाला डोळे उघडताच पाणी दिसावे. बायकोच्या एका इच्छेसाठी इतक्या वर्षांत प्रथमच मी उलटी उभी राहिले.

माझ्या मागे, काठाला, माणसाच्या कमरेएवढा एक खडक होता.

सिस्टर ठोकळे घेऊन उतरल्या. मी सगळा जीव चाकांत आणून वाट पाहत होते. माझ्यामागे उतार होता. ठोकळे चाकांच्या मागे हवे होते. पण त्यांच्या डोळ्यांनी उतार पाहिलाच नाही, काम हातांनी केले. आणि हातांना एकच रीत ठाऊक होती, टेकडीवरच्या त्या पोर्चमधली. त्या माझ्यापुढे येऊन वाकल्या आणि त्यांनी दोन्ही ठोकळे पुढच्या चाकांच्या पुढे नीट सारले. टाच मारून घट्टही केले. कपाळावरचे केस मागे घेतले आणि अभिमानाने म्हणाल्या, "लागले."

मित्रांनो, त्या क्षणी माझा भोंगा माझ्या डोक्यावर असता तर मी तो फुटेस्तोवर वाजवला असता. पण मी मुकी होते.

ड्रायव्हरांनी इंजिन बंद केले आणि ब्रेक सोडला. मी मागे सरकले, पण एखादे बोटभरच. कोणा आधीच्या गाडीने चिखलात चाकोरी पाडून ठेवली होती. त्या खळग्यात माझी मागची चाके अडकली. ड्रायव्हरांना नेहमीसारखा टेकल्याचा हिसका जाणवला. त्यांना वाटले ठोकळ्यांनी पेलले. शपथ घेतलेला माणूस, तो वाकून बघणार नव्हता.

ते उतरून मागे गेले. मागच्या दारांची खालची कडी गंजली होती, ती उघडायला ते उकिडवे बसले. इकडे सिस्टरांना चहा करायची हुक्की आली. आज कोणी अडवणारे नव्हते. त्यांनी किटली हातात घेतली आणि बाजूच्या दाराच्या पायरीवर पाय ठेवला. त्यांचे वजन ते केवढे! पण तेवढ्याने मी डुलले, आणि चाके खळग्यातून निघाली.

मी थांबायचा आटापिटा केला. जड वस्तूला उतारावर स्वतःचे काही चालत नाही. ड्रायव्हरांनी मान वर केली, दोन्ही हात माझ्या दारांना लावले आणि मला रेटले, जसे काही मी ऐकणार होते. मग मी थांबले. खडकाला टेकून नाही थांबले.

सिस्टर किटली टाकून धावत मागे आल्या. आणि जे मी त्या क्षणी पाहिले ते शब्दांत सांगणे अवघड आहे. त्यांच्या चेहऱ्यावरचे सगळे धुके गेले. त्या पुन्हा पोर्चमधल्या सिस्टर झाल्या. ड्रायव्हर खडकाला टेकून बसल्यासारखे दिसत होते आणि माझा मागचा बंपर त्यांच्या छातीवर होता. सिस्टरांनी गुडघे टेकले, मनगटावर बोटे ठेवली, पापण्या उघडून पाहिल्या, फासळ्यांवरून हात फिरवला. सिस्टरांची हाक ऐकून राखणदार पळत आला आणि गाडी पुढे घेतो म्हणाला. सिस्टरांनी त्याला तिथेच थांबवले.

"हलवू नका. दाबानं आतलं रक्त थांबलंय, गाडी निघाली की हे जातील. फोन करा."

राखणदाराने फोन केला. खालच्या गावातून रुग्णवाहिका निघाली, पण मध्ये सगळा घाट होता. मी स्वतः रुग्णवाहिका होते, त्या रस्त्याला किती वेळ लागतो ते मला ठाऊक होते. सिस्टरांनाही ठाऊक होते.

ड्रायव्हर शुद्धीवर होते. त्यांची नजर माझ्या पोटाखालून पलीकडे गेली. मी मागे आले होते आणि ठोकळे होते तिथेच राहिले होते, समोर ओल्या मातीत, नीट घट्ट बसवलेले. त्यांनी ते पाहिले. काय झाले ते त्यांना कळले. मला वाटले आता ते सिस्टरांकडे बघतील आणि त्यांच्या डोळ्यांत ते दिसेल. पण त्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्यांत काही नव्हते.

"ब्रेक गेला, सिस्टर," ते म्हणाले. श्वास पुरत नव्हता. "तुमचं काम चोख होतं."

मित्रांनो, ते खरे नव्हते. माझा ब्रेक चांगला होता. आयुष्यभर मला जपणारा माणूस जाता जाता माझ्यावर आळ घेऊन गेला, आणि मी इथे शपथेवर सांगते, मला त्याचे जराही वाईट वाटले नाही.

रुग्णवाहिका येईपर्यंत सिस्टर त्यांचा हात धरून बसल्या. ती पोचण्याच्या बऱ्याच आधी ते गेले होते. सिस्टरांनी त्यांचे डोळे मिटले, पण हात सोडला नाही.

रात्र उलटून उजाडल्यावर मुलगी आली. सिस्टर राखणदाराच्या खोलीत घोंगडी पांघरून बसल्या होत्या. मुलगी आधी एकटीच माझ्याकडे आली. मला ओढून पुढे घेतले होते, पण ठोकळ्यांना कोणी हात लावला नव्हता. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. उतार कुठे, ठोकळे कुठे, हे कळायला तिला वेळ लागला नाही. ती माझ्या पुढच्या जागेवर येऊन बसली, दार लावून घेतले आणि स्टीअरिंग धरून म्हणाली, "सांगितलं होतं ना, बाबा." एवढेच, पण ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शेवटी शेवटी ते शब्द राहिले नाहीत.

ब्रेक गेला असे ड्रायव्हर म्हणाल्याचे राखणदाराने सांगितले होते, म्हणून घाटाखालून मेकॅनिक बोलावला होता. त्याने माझ्याखाली शिरून पाहिले, ब्रेक दाबून पाहिला, सोडून पाहिला आणि हात पुसत मुलीला सांगितले, की ब्रेकमध्ये काही दोष नाही, अजून कितीतरी वर्षे चालेल. तेवढ्यात घोंगडी ओढत सिस्टर तिथे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे लाल होते, पण नजर स्वच्छ होती. तो त्यांचा चांगला दिवस होता. असे चांगले दिवस त्यांच्या वाट्याला आता क्वचितच येत, आणि नेमका तो आला.

"खरं सांग," त्या मुलीला म्हणाल्या. "ठोकळे मी कुठे लावले होते?"

मुलीच्या मनात काय काय आले असेल! तिचा बाप गेला होता. तिने बजावले होते, आणि तिचे कोणी ऐकले नव्हते. एका वाक्यात ती सगळे बोलून मोकळी झाली असती. सिस्टर ते वाक्य ऐकायला ताठ उभ्या होत्या.

"बरोबर लावले होतेस, आई," मुलगी म्हणाली. "ब्रेक एकदम गेला, गाडी ठोकळ्यांवरून मागे आली."

सिस्टरांनी मेकॅनिककडे पाहिले. त्या दोनदा तपासणाऱ्या होत्या. मेकॅनिकने हातातल्या चिंधीची घडी केली, पुन्हा उलगडली. "जुनी गाडी, बाई," तो म्हणाला. "जुन्या गाडीच्या ब्रेकचं काय सांगावं."

आई खोलीत परतल्यावर मुलीने दोन्ही ठोकळे उचलले आणि राखणदाराच्या चुलीत घातले. लाकूड जुने आणि तेल प्यायलेले, चटकन पेटले.

मला ओढून घरी आणले. भंगारवाला यायला बरेच दिवस लागले, तोवर मी त्याच छपराखाली उभी होते. सिस्टर रोज यायच्या. कधी मला ओळखायच्या नाहीत, कोणाची गाडी म्हणून विचारायच्या. कधी पायरीवर बसून ड्रायव्हरांची वाट बघायच्या, चहा गार होतोय म्हणायच्या. आणि कधी त्यांना सगळे आठवायचे. अशा दिवशी त्या माझ्यासमोर उभ्या राहून माझ्या बॉनेटवर उघड्या हाताने मारायच्या. आयुष्यात कोणावर हात न उगारलेली बाई. "तुझ्यामुळे गेले," म्हणायच्या, "तुझ्यामुळे." तळहात लाल व्हायचा. मुलगी येऊन त्यांना आवरून घेऊन जायची, आणि जाताना एकदा मागे वळून माझ्याकडे बघायची. त्या नजरेत माफी होती असे मला वाटते.

मला मारून त्यांना बरे वाटत असेल तर मारू दे. मी लोखंडाची आहे. स्वतःला मारण्यापेक्षा मला मारलेले बरे.

आता माझे फार दिवस उरले नाहीत. आवाराच्या टोकाला गाड्या चेपायचे यंत्र आहे, आणि टेम्पोनंतर माझीच पाळी आहे. त्याआधी तुम्हाला एकच विनवणी करते. तुमच्या घरातही कोणीतरी आजी असेल, आजोबा असतील. कधीतरी त्यांच्या हातून गोष्टी निसटायला लागतील. तेव्हा त्यांच्या हातातले सगळे काम काढून घेऊ नका, त्याने माणूस आतून मरतो. पण त्यांनी केलेल्या कामाकडे वाकून बघायलाही लाजू नका. ते रुसतील, जेवणार नाहीत, "तुम्हीसुद्धा?" असे म्हणतील. म्हणू द्या. शपथ घालतील, तर घेऊ नका. आपल्या माणसाचा रुसवा सोसणे हाही त्याला जपण्याचाच एक भाग आहे. ड्रायव्हरांना तेवढे एक जमले नाही.

मी तुम्हाला खरे ते सांगितले, कारण तुम्हाला ते पुढे उपयोगी पडेल. पण सिस्टर अजून आहेत. कधी कुठे भेटल्या आणि त्यांनी विचारले, तर ब्रेक गेला होता असेच सांगा.